काच खाली करायची नाही

"वरचा मजला खाली आहे," असं ते फोनवर म्हणाले आणि मी चक्रावले.

मी पुण्याची. बँकेने भोपाळला बदली केली होती आणि ओळखीतल्या एका बाईंनी तिथल्या मिसरोद भागातल्या एका मराठी घरमालकांचा नंबर दिला होता. मला वाटलं, गृहस्थ म्हातारे आहेत, बोलण्यात गडबड होते आहे. म्हणून मी समजुतीने विचारलं, "काका, म्हणजे नक्की वरचा की खालचा?"

"वरचा."

"मग खाली कसा?"

"अहो, कालच खाली झाला ना! आधीचे किरायेदार गेले."

शेवटी मागून कुणीतरी फोन ओढून घेतला आणि एक शांत बायकी आवाज आला. "रिकामा आहे हो, रिकामा. या तुम्ही." त्या काकू. पुढे तीन वर्षं मी त्या रिकाम्या मजल्यावर राहिले, आणि काकांच्या 'खाली'ने एवढ्यावर माझा पिच्छा सोडला नाही.

काकांचे वडील राजधानी हलल्यावर सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून भोपाळला आले, तेव्हा काका कडेवर होते. त्यामुळे घरात मराठी, दारात हिंदी आणि दोन्हींचा अभिमान सारखाच. एरवी त्यांचं हिंदी बाजारात सहज खपून जाई. फक्त या एका शब्दाशी त्यांचं जन्माचं वैर होतं. मराठी बोलताना त्यांच्या 'खाली'चा अर्थ हिंदी असायचा आणि घाईत हिंदी बोलायला गेले की मराठी. मी एकदा हे त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "तुम्हा पुण्याच्या लोकांना दुसऱ्याच्या चुका काढायला सरकार पगार देतं का?" मी म्हटलं, बँक देते.

मी राहायला गेले त्या दिवशी माझी स्कूटर लावायला पोर्चमध्ये जागा नव्हती. तिथे एक पांढरी अँबॅसिडर उभी होती. अंगावर पलंगपोस, त्यावर प्लास्टिक, त्यावर आणखी एक पलंगपोस. "स्कूटर उन्हात लावली तर चालते," काका म्हणाले. "तिच्यात ओरिजिनल काय आहे?"

ओरिजिनल. माणूस जगात दोनच प्रकारच्या वस्तू मानत असे. एक ओरिजिनल आणि दुसऱ्या लोकल. माझा टीव्ही लोकल, कुकर लोकल, मी पुण्याहून आणलेली बाकरवडीसुद्धा लोकल, कारण ती पाकिटातली होती. काकूंनी दात बसवून घेतले तेव्हा सगळ्या शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "आता हिचं हसणंही लोकल." शेजारी हसले. काकू हसल्या नाहीत. तेव्हापासून मी मनातल्या मनात त्यांना ओरिजिनलकाका म्हणू लागले, आणि ते काही प्रेमाने नव्हे.

गाडीची कथा मला काकूंकडून कळली, तीही तुकड्यातुकड्यांनी, भाजी निवडताना. काका सचिवालयात नोकरीला होते. साहेबांच्या हाताखाली, साहेबांच्या फायली मांडीवर घेऊन, साहेबांच्या गाडीत. मात्र पुढे, ड्रायव्हरशेजारी. मागची सीट साहेबांची. तिच्यावर पांढरा टर्किश टॉवेल, मागच्या काचांना चुणीदार पडदे. सारी नोकरी काकांनी त्या सीटकडे पाठ करून काढली. बढत्या झाल्या, केस गेले, साहेब बदलले, पण मागच्या सीटवर बसायचा योग काही आला नाही. पुढे सरकारने त्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा रिटायर झालेल्या काकांनी नेमकी तीच गाडी शोधून घरी आणली.

आणि नंतर वर्षानुवर्षं तिला आतून नवी करत बसले. इंजिन एका मेकॅनिकने केव्हाच नीट करून दिलं होतं. त्यात काकांना रस नव्हता. इंजिन ड्रायव्हरचं असतं, असं ते म्हणत. त्यांना हवा होता आतला थाट. ते बिस्किटी रंगाचं रेक्झिन, ते छताचं कापड, त्या दाराच्या आतल्या पट्ट्या, आणि सगळ्यांत वर काचा.

मागच्या डाव्या दाराची काच तडकलेली होती. बाजारात नवी मिळत होती, पण तिच्या कोपऱ्यात कंपनीचा जुना शिक्का नव्हता. त्या नखाएवढ्या शिक्क्यासाठी काकांनी शहरातला सगळा भंगारबाजार पालथा घातला. अखेर काच मिळाली, ती काकूंच्या दुलईत गुंडाळून रिक्षाने घरी आली. तिच्यावर ओरखडे होते. ते घालवायला एक गुलाबी पूड आणली, आणि पूड घासायला मऊ कापड हवं म्हणून काकूंची माहेरची सुती साडी फाडली. "हेच एक ओरिजिनल कॉटन आहे घरात," हे त्यावरचं स्पष्टीकरण. उन्हाळाभर काका बनियनवर बसून काच घासत होते. गोल गोल, गोल गोल. बँकेतून येताना मी विचारायची, "काका, जेवलात का?" तर हात वर करून मला थांबवायचे. लय तुटते म्हणे.

काच बसली. इतकी लखलखीत, की आहे की नाही कळू नये. एका दुपारी काका आत मागच्या सीटवर बसले होते. काकूंना वाटलं काच उघडी आहे. त्यांनी चहाचा कप सरळ खिडकीतून पुढे केला. कप काचेवर आपटला आणि उकळता चहा त्यांच्याच हातावर. मी जिन्यातून बघत होते. काका दार उघडून बाहेर आले आणि त्यांनी आधी काच पुसली. मग काच नखाने वाजवून पाहिली. मग म्हणाले, "भाजलं का?"

पुढे कित्येक महिने ते ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगत. चटक्याची नव्हे, पॉलिशची. "सख्ख्या बायकोला दिसली नाही काच!" मला तेव्हा वाटायचं, दिसत नव्हतं ते कुणाला आणि काय, हे या माणसाला एकदा कुणीतरी सुनावलं पाहिजे. मी नाही सुनावलं. काकूंनीच डोळ्याने गप्प बसवलं.

आता गद्दीवाल्या खाँसाहेबांबद्दल. सीटचं काम करायला काकांनी शहरातून, म्हणजे तलावाच्या पलीकडच्या जुन्या भोपाळातून, एक कारागीर आणला होता. अंगाने ऐसपैस, तोंडात पान. ते सकाळी यायचे, दुपारी सीट 'जाँचने के वास्ते' तिच्यावर आडवे व्हायचे आणि संध्याकाळी उठून जायचे. काका त्यांना वचकून असत, कारण ते एकटेच असे होते की ज्यांच्यापुढे ओरिजिनल शब्द चालत नसे. "अमाँ बाबूजी, ओरिजनल तो आप भी नी रहे, घुटने बदलवा के आए हो," असं ते सरळ म्हणायचे.

खालच्या स्प्रिंगा बदलल्यावर सीट उंच झाली होती. मागे बसलं की काकांचं डोकं छताच्या नव्या कापडाला लागे. काकांना कुठेतरी लग्नाला जायचं होतं, घाईत होते. जाता जाता म्हणाले, "खाँसाब, ये पीछे की सीट थोड़ी खाली कर देना."

खाँसाहेबांनी केली. संध्याकाळी काका परतले तेव्हा सीटचं रेक्झिन रिकाम्या पिशवीसारखं पडलं होतं. आतला काथ्या, जो कारखान्यातून निघताना भरलेला, ज्याला आजवर कुणी हात लावला नव्हता, तो गायब.

"ये क्या किया?"

"आप ही बोल के गए थे, खाली कर देना. कर दी खाली."

"अरे खाली मतलब नीचे!"

"नीचे को तो नीचे ही बोलते हैं खाँ. खाली को खाली बोलते हैं." जुन्या भोपाळात समोरचा कुणीही 'खाँ' असतो, काकासुद्धा.

"और माल? अंदर का माल कहाँ है?"

"वो तो सड़ रिया था. नुक्कड़ पे चौकीदार ताप रिया है."

काका खरंच नाक्यापर्यंत धावले. थंडीचे दिवस. चौकीदार ओरिजिनल काथ्यावर हात शेकत बसला होता. त्या रात्री काका जेवले नाहीत. काकूंनी मला वाटीभर भात आणून दिला आणि म्हणाल्या, "तू खा. यांच्या घरात सुतक आहे."

यात हसण्यासारखं खूप होतं आणि मी मनसोक्त हसायची. पण एक गोष्ट मला हसू देत नसे. काकूंना त्या गाडीतून एकदा नर्मदेवर जायचं होतं. एवढंच. मिसरोदहून सरळ रस्ता, मंडीदीप, पुढे घाट, पलीकडे होशंगाबाद. गावाचं नाव आता बदललं आहे, पण काकूंच्या तोंडी तेच. बसने त्या जाऊ शकत नसत, कारण त्यांना गाडी लागायची. वारा तोंडावर असला तरच चालायचं. आणि सरकारी गाडीत त्या कधी बसल्याच नव्हत्या. काका नियमाचे पक्के. मुलगा व्हायच्या वेळी कळा सुरू झाल्या, तेव्हा शिवाजी नगरच्या क्वार्टरसमोर हीच गाडी उभी होती आणि काकू दवाखान्यात टेंपोने गेल्या.

"गाडी का नाही मिळाली?" मी विचारलं होतं.

मेथीची जुडी सोडत काकू म्हणाल्या, "गाडीत साहेबांच्या बाईंचं दळण होतं. ते पोचतं करायचं होतं."

हे त्यांनी मेथीचा भाव सांगावा इतकं सरळ सांगितलं. काका तेव्हा बाहेर पोर्चमध्ये पडद्याला चुण्या घालत होते.

तर नर्मदेचं जाणं दर वेळी पुढे जाई. छताचं कापड व्हायचं होतं. मग सीट पुन्हा भरायची होती, मग दारांचं रबर यायचं होतं. मग सगळं झालं तर म्हणे वास नाही. साहेबांच्या गाडीत सिगारेटचा वास असायचा! ज्या माणसाने फाटकाच्या आत कुणाला विडी पेटवू दिली नाही, त्याने शेजारच्या मास्तरांना बोलावून, मागच्या सीटवर बसवून, काचा बंद करून सिगारेटी ओढायला लावल्या. मास्तर डोळे चोळत बाहेर आले. काका आत डोकं घालून हुंगत म्हणाले, "जवळपास आलंय. साहेबांचा ब्रँड वेगळा होता."

शेवटी काकूंनी एका सकाळी जाहीर केलं, "लग्नाच्या वाढदिवसाला मी होशंगाबादला जाणार. गाडीने न्या, नाहीतर मी चालत निघते." आवाज चढवला नाही. काका मात्र चपापले.

ड्रायव्हर म्हणून मिश्राजींना बोलावलं. हे त्याच गाडीचे जुने सरकारी ड्रायव्हर, आता तुलसी नगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहात होते. त्यांनी सवयीने पुढचं डावं दार उघडून धरलं. "आइए बाबूजी."

"आज पीछे," काका म्हणाले. "और आज बाबूजी नहीं. साहब."

मिश्राजींनी एकदा काकांकडे आणि एकदा सीटकडे पाहिलं. "जी बाबूजी," ते म्हणाले.

काका मागे बसले, पांढऱ्या टॉवेलला पाठ टेकून, सुटाबुटात. शेजारी काकू, नव्या साडीत. मी पुढे. निघताना काकू काच उघडायला गेल्या, तर हात नुसताच दारावरून फिरला. हँडल नव्हतं. मागच्या दोन्ही काचांची हँडलं काकांनी काढून कपाटात ठेवली होती. काच वरखाली करताना ओरखडे पडतात म्हणून.

"मला वारा लागतो, माहितीये ना तुम्हाला?" काकू म्हणाल्या.

"काच खाली करायची नाही," काका म्हणाले. "एसी समज."

एसी त्या गाडीत कधीच नव्हता.

मंडीदीपपर्यंत काकू पदर तोंडावर धरून बसल्या. काका साहेबांच्या दौऱ्यांच्या गोष्टी सांगत होते, मागच्या सीटवरून रस्ता कसा वेगळा दिसतो ते सांगत होते. घाट सुरू व्हायच्या आधी काकू म्हणाल्या, "मिश्राजी, रोकिए." उतरल्या, पुढचं दार उघडलं आणि मला म्हणाल्या, "सरक गं." त्या गाडीची पुढची सीट एकसंध, बाकासारखी. मी मध्ये सरकले, काकू खिडकीशी बसल्या. पुढच्या दाराची काच लोकल होती, त्यामुळे तिचं हँडल काकांनी काढलं नव्हतं. काकूंनी ते गरागरा फिरवलं, वारा आत आला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. काकांना वाईट वगैरे वाटलं नाही. उलट ते सीटच्या बरोबर मध्यावर सरकून बसले. आता अख्खी सीट साहेबांची होती.

घाटातली वळणं सुरू झाली. मागच्या गोष्टी हळूहळू आखडत गेल्या. एक अर्धीच राहिली. मी आरशात पाहिलं तर काकांचा चेहरा रेक्झिनच्या रंगाचा झाला होता. आणि एकदम माझ्या लक्षात आलं. हा माणूस जन्मभर पुढे बसला होता. मागे बसून आपल्याला गाडी लागते, हे याला आजवर कळायला वावच नव्हता!

"मिश्राजी," मागून बारीक आवाज आला, "काँच खाली करो."

"पीछे का हैंडल तो आपने निकाल दिया ना बाबूजी."

"खाली करो... जल्दी खाली करो... अरे खाली करो!"

मिश्राजींनी करकचून ब्रेक मारला. कुठेतरी पेट घेतला असावा, अशी त्यांची समजूत. "बहनजी, उतरिए, गाड़ी खाली करने को बोल रहे हैं!" म्हणत त्यांनी स्वतः बाहेर उडी घेतली, काकूंना आणि मला हाताला धरून बाहेर काढलं, आणि बॉनेट उघडून धूर शोधू लागले. आम्ही तिघंही रस्त्याच्या कडेला. गाडी खाली. आत फक्त काका. मी मागचं दार उघडेपर्यंत उशीर झाला होता. टॉवेल, सूट, चुणीदार पडदा आणि उन्हाळाभर घासलेली ती शिक्क्याची काच, काही म्हणता काही वाचलं नाही.

मी खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. चहाच्या चटक्याचा आणि फाडलेल्या साडीचा सगळा हिशेब एका वळणावर चुकता झाल्यासारखा वाटला. काकूंनी मात्र बाटली काढली, काकांच्या तोंडावर पाणी मारलं, डोकं धरून ठेवलं. काका घाटाच्या कठड्यावर बसले, बिनटायचे, केविलवाणे.

"परत चला," ते म्हणाले. "घरी जाऊ. सीटला डाग बसेल."

काकू पदराने हात पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "का? गाडीत कुणाचं दळण आहे का?"

काकांनी मान वर केली.

"नाही ना? पोचतं करायचं नाही ना काही? मग चला पुढे."

एवढी वर्षं ते वाक्य त्यांनी कुठे ठेवलं होतं कोण जाणे. काकांचे ओठ हलले, पण त्यातून ना ओरिजिनल शब्द आला ना लोकल. मिश्राजींनी बॉनेट बंद केलं, पुढचं डावं दार उघडून धरलं आणि अगदी मऊपणे म्हणाले, "आइए बाबूजी. आगे ठीक रहेगा."

काका पुढे मध्ये बसले, काकू खिडकीशी. मागे, सीटच्या कोरड्या टोकाशी, नाकाला रुमाल लावून मी. साहेबाच्या जागेवरून रस्ता वेगळा दिसतो, हे मात्र खरं आहे. पुढच्यांच्या माना दिसतात. काकांची मान त्या दिवशी फार म्हातारी दिसत होती, आणि इतकी वर्षं त्यांची चेष्टा केलेल्या मला ते पाहून थोडं कसंतरी झालं. थोडंच.

नर्मदेवर काकू पायऱ्यांवर बसल्या आणि पाय पाण्यात सोडून खूप वेळ बसून राहिल्या. काका पलीकडच्या नळावर टॉवेल धुवत होते. काकूंनी तो त्यांच्या हातात देताना एवढंच म्हटलं होतं, "गोल गोल घासा."

सीटवरचा डाग काही गेला नाही. खाँसाहेबांना बोलावलं, तर त्यांनी वाकून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "इसको तो रेने दो बाबूजी. पूरी गाड़ी में एक येई तो आपका है." पाहुण्यांना गाडी दाखवताना काका त्या जागेवर हात ठेवून उभे राहू लागले. काकू चहा घेऊन येत आणि तो हात अलगद उचलून कपाला लावत.

मग माझी परत बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी सामान खाली आणत होते, पुण्याच्या अर्थाने खाली, आणि काका फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होते, "अहो वरचा! वरचा मजला खाली झालाय!" त्या दिवशी काका-काकूही होशंगाबादला निघाले होते. आताशा ते अधूनमधून जायचे. मागच्या काचांना हँडलं परत लागली होती, तरी मिश्राजींच्या शेजारी बाकावर काका दाटीवाटीने बसलेले आणि खिडकीशी काकू. मागे पांढरा टॉवेल, पडदे आणि कुणी नाही.

"काका, मागे एवढी जागा असताना?" मी विचारलं.

"मागचं ओरिजिनल आहे," काका म्हणाले. "बसून खराब होतं."

काकूंनी हँडल फिरवलं आणि काच पार आत गेली. काका म्हणाले, "अगं, धूळ येईल, काच..." तेवढ्यात मिश्राजींनीही आरशात बघत विचारलं, "बाबूजी, पीछे बैठना हो तो बैठ जाइए, घाट तो अभी दूर है."

"खाली राहू द्या," काकू म्हणाल्या.

काच की सीट, ते काकांनी विचारलं नाही.